गणित ठेवायचं की सोडायचं? दहावीच्या उंबरठ्यावरच्या लेकीसाठी

पत्र : नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. घरी कोरडवाहू वावर आहे, कापूस-तूर होते. मुलगी मराठी माध्यमातून यंदा दहावीला आहे. पूर्वपरीक्षेत तिला गणित भाग १ मध्ये ४० पैकी २७ आणि भाग २ मध्ये १७ गुण पडले. शाळेतले सर म्हणतात, "गणित सोडा, बायो घ्या." माझा भाऊ म्हणतो, "अकोल्याला क्लास लावा, कॉलेज इथलं नावापुरतं ठेवा." तालुक्याचं ज्युनिअर कॉलेज १८ किलोमीटर आहे. मुलगी कधी नर्सिंग म्हणते, कधी इंजिनीअर, कधी पोलीस. गणित घ्यावं का? घेतलं तर तिला झेपेल का? आणि नाही घेतलं तर पुढे कोणती दारं बंद होतील?

उत्तर :

ताई, ४४ गुण हा आकडा काही वेळ बाजूला ठेवू. हे गुण कुठे मिळाले आणि कुठे गेले, त्यावर सगळं अवलंबून आहे. तुमच्या लेकीचे गुण भाग २ मध्ये, म्हणजे भूमितीत गेलेत. दहावीच्या भूमितीतला बराच भाग अकरावीत पुन्हा येतच नाही. त्यामुळे सरांचं म्हणणं बरोबर निघू शकतं किंवा साफ चुकीचंही. ते ठरवायला भाग २ ची उत्तरपत्रिका शाळेतून मागून घ्या आणि तिच्यासोबत एकदा नीट पाहा.

भाग २ मध्ये समरूपता, पायथागोरसचं प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन अशी सात प्रकरणं आहेत. वर्तुळाच्या प्रमेयांच्या सिद्धता आणि कंपास-पट्टीच्या रचना यांत गुण गेले असतील, तर बोर्डाच्या निकालासाठी ते वाईटच. अकरावीच्या दृष्टीने मात्र त्यात काळजीचं काही नाही. अकरावीत वर्तुळ असतं, पण ते समीकरण म्हणून. तिथे जीवा-स्पर्शिकेची प्रमेयं सिद्ध करायला लावत नाहीत. निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमितीत गुण गेले असतील तर मात्र थांबून विचार करायला हवा. अकरावीच्या पहिल्या भागाचा मोठा हिस्सा याच दोन प्रकरणांवर उभा आहे : कोन व त्याचं मापन, त्रिकोणमितीची दोन प्रकरणं, सरळ रेषा, वर्तुळ, शंकुच्छेद.

भाग १ चे २७ गुणही तपासून पाहा. अर्थनियोजन आणि सांख्यिकी ही प्रकरणं गुण मिळवून देतात, पण विज्ञान शाखेच्या गणिताला त्यांचा फारसा आधार होत नाही. वर्गसमीकरणं, दोन चलांतली रेषीय समीकरणं आणि अंकगणिती श्रेढी यांत तिचे गुण असतील, तर पाया आहे असं समजा.

घरी घ्यायची चाचणी

बोर्डाची परीक्षा झाली की चार दिवस तिला आराम करू द्या आणि मग ही चाचणी घ्या. खाली दहा नमुने दिले आहेत. प्रत्येकातले आकडे बदलून आणखी एक उदाहरण तयार करायचं, म्हणजे वीस उदाहरणं होतील. वेळ एक तास. कॅल्क्युलेटर नाही, पुस्तक नाही.

३/४ − ५/६ किती? (२क्ष − ३)² चा विस्तार करा. २क्ष² + क्ष − ६ = ० सोडवा. १/(क्ष − १) − १/(क्ष + १) यांना सरळ रूप द्या. √५० − √१८ किती? २क्ष + ३य = १२ आणि क्ष − य = १ ही समीकरणं सोडवा. ७, ११, १५ या श्रेढीचं विसावं पद काढा. लघुकोनाचा साइन ३/५ असेल तर टॅन किती? (२, ३) आणि (६, ११) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ किती? शंकूच्या घनफळाच्या सूत्रातून उंची एका बाजूला आणा.

उत्तरं क्रमाने अशी : −१/१२; ४क्ष² − १२क्ष + ९; ३/२ आणि −२; २/(क्ष² − १); २√२; क्ष = ३ व य = २; ८३; ३/४; २; आणि उंची म्हणजे घनफळाच्या तिप्पटीला पाय (π) आणि त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागणं.

वीसपैकी पंधरा किंवा जास्त बरोबर आली तर निर्धास्तपणे गणित घ्या. दहा ते चौदा आली तरीही घ्या, पण उन्हाळ्याचे आठ आठवडे पुढे सांगितल्याप्रमाणे वापरायचे आणि जूनमध्ये नवे आकडे घालून तीच चाचणी पुन्हा घ्यायची. आठ आठवडे मनापासून मेहनत करूनही आकडा दहाच्या खाली राहिला, तर सरांचा सल्ला मानावा. तसं झालं म्हणून पोर कमी ठरत नाही. तिची वर्षं तिला झेपणाऱ्या विषयांत गेली तर तिचंच भलं होईल.

उत्तर चुकलं की कोणत्या पायरीवर चुकलं ते लाल पेनाने खूण करून ठेवा. अकरावीत नापास होणारी बहुतेक मुलं नव्या संकल्पनेवर अडत नाहीत, जुन्याच चार-पाच चुका त्यांना पाडतात. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² लिहिणं. क्ष² + ९ चं वर्गमूळ क्ष + ३ समजणं. कंसाबाहेर वजा असताना आतल्या दुसऱ्या पदाचं चिन्ह न बदलणं. अंशात बेरीज असताना एकाच पदाला छेदाशी काट मारणं. अकरावीत यात आणखी एक भर पडते : साइन (अ + ब) म्हणजे साइन अ + साइन ब लिहिणं. सीमा (लिमिट्स) आणि विकलन (डिफरन्सिएशन) या प्रकरणांत नवी कल्पना एकाच ओळीची असते, पुढच्या सहा ओळी बैजिक राशी सोडवण्यात जातात. तिथे यातली एक चूक झाली तर कल्पना पूर्ण समजूनही उत्तर चुकतं, आणि लेकराला वाटतं, "मला विकलन येत नाही." वास्तविक तिथे नववीचा विस्तार चुकलेला असतो.

कोणतं गणित, कुठे लागतं

विज्ञान शाखेत पीसीएम, पीसीबी आणि पीसीएमबी असे तीन गट आहेत. पीसीएम म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, पीसीबीत गणिताऐवजी जीवशास्त्र, पीसीएमबीत दोन्ही. राज्य मंडळात एकूण सहा विषय असतात. इंग्रजी सक्तीचं, दुसरी भाषा किंवा तिच्याजागी माहिती तंत्रज्ञानासारखा विषय, आणि बाकीचे चार. पीसीएमबी घेतलं की हे चार तिथेच भरतात. पीसीएम किंवा पीसीबी घेतलं तर सहावा विषय भूगोलासारखा दुसरा घ्यावा लागतो, नाहीतर द्विलक्षी विषय घ्यायचा : इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, क्रॉप सायन्स वगैरे. द्विलक्षी विषय २०० गुणांचा असतो आणि दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय या दोघांची जागा घेतो. तालुक्याच्या कॉलेजात यातलं काय शिकवलं जातं, हे अर्ज भरण्याआधी प्रत्यक्ष जाऊन विचारा. कॉलेजात नसलेला विषय कागदावर निवडून काही उपयोग नाही.

तुमच्या लेकीच्या तीन इच्छा यावर ताडून पाहू. बी.एस्सी. नर्सिंगला जीवशास्त्र लागतं, गणित नाही. इंजिनीअरिंगसाठी सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, पीसीएम गट द्यावा लागतो, म्हणजे गणित सक्तीचं. पोलीस भरतीला शाखेची अट नाही, बारावी पास लागते. तिथल्या लेखी परीक्षेतलं अंकगणित म्हणजे शेकडेवारी, सरासरी, काळ-काम-वेग. त्यासाठी अकरावी-बारावीचं गणित घेण्याची गरज नाही. या तिघांखेरीज आणखी काही वाटा आहेत. बी.एस्सी. कृषीला पीसीएम आणि पीसीबी दोन्ही गट चालतात, बी.फार्मलाही तसंच. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची वाट त्यामुळे गणिताशिवायही उघडी राहते. आर्किटेक्चरला गणित हवंच. एनडीएची, म्हणजे सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीची, परीक्षा आता मुलींनाही देता येते. तिच्यात वायुदल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागतं. भूदलासाठी कोणतीही शाखा चालते, पण ३०० गुणांचा गणिताचा पेपर मात्र सगळ्यांनाच असतो.

मुलीचं मन अजून ठरलेलं नसेल आणि चाचणीत बारा-तेराच्या वर उदाहरणं बरोबर येत असतील, तर आमचं मत पीसीएमबीच्या बाजूने आहे. अकरावीत गणित सुरू ठेवून नंतर सोडता येतं. न घेतलेलं गणित बारावीत घेणं फार अवघड जातं, कारण अकरावीचं सगळं राहिलेलं असतं आणि मंडळाचे नियमही आड येतात. सोडायचं असेल तर ते अकरावीच्या सुरुवातीच्या महिन्यांतच ठरवा आणि त्याजागी सहावा विषय कोणता मिळेल ते आधी विचारून ठेवा. कॉलेज विषय कधीपर्यंत बदलून देतं, हेही प्रवेश घेतानाच विचारा.

पीसीएमबीचा भार खरा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. रोज एसटीने १८ किलोमीटर जाऊन-येऊन दोन प्रयोगवह्या आणि गणिताचा सराव, यात मुलगी थकते. म्हणून हे दोन वर्षं ओढायचं नाही. दिवाळीपर्यंत तिचं मन कुठे लागतंय ते पाहायचं आणि एक बाजू पक्की करायची. सीईटीच्या दोन्ही गटांना बसता येत असलं तरी दोन्हींची सारखीच तयारी फार थोड्यांना जमते.

वाणिज्य शाखेतही गणित आहे, ते ऐच्छिक असतं, आणि ते विज्ञानाच्या गणितापेक्षा वेगळं आहे. विकलन आणि संकलन (इंटिग्रेशन) त्यातही असतं, पण त्याचबरोबर दलाली-सूट, विमा, निर्देशांक, कालश्रेणी, रेषीय समाश्रयण ही प्रकरणं असतात. सीए होण्यासाठीच्या पहिल्या परीक्षेला, सीए फाउंडेशनला, १०० गुणांचा क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूडचा पेपर आहे, त्याला हे थेट उपयोगी पडतं. कॉमर्सला जाऊन इंजिनीअरिंगचं दार उघडं राहील, या भ्रमात मात्र राहू नका.

आणि दहावीनंतरचा इंजिनीअरिंगचा डिप्लोमा. ग्रामीण भागात ही वाट अनेकदा बोलण्यातच येत नाही, आली तर "गणित कच्चं आहे, डिप्लोमाला टाका" अशी येते. डिप्लोमाचे प्रवेश दहावीच्या गुणांवर होतात, सीईटी नसते, किमान ३५ टक्के लागतात. शासकीय तंत्रनिकेतनं यवतमाळ, वाशीम, आर्वी, खामगाव, मूर्तिजापूर, गडचिरोली, ब्रह्मपुरी इथे आहेत. तीन वर्षांनंतर सीईटी न देता इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. पण तिथे गणित सुटत नाही. पहिल्याच सत्रात बेसिक मॅथेमॅटिक्स असतं : आव्यूह, त्रिकोणमिती, सरळ रेषा, विकलन, सांख्यिकी. अकरावीला वर्षभर चालणारा बराच भाग तिथे एका सत्रात उरकतात आणि दुसऱ्या सत्रात संकलन येतं. म्हणून डिप्लोमाला जायचं ठरलं तरी उन्हाळ्याचे आठ आठवडे तेवढेच महत्त्वाचे. आयटीआयची वाटही आहे. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो.

उन्हाळ्याचे आठ आठवडे

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी अभ्यास होत नाही, उगाच आशा धरू नका. सकाळी सहा ते साडेसात ही दीड तासाची वेळ धरा आणि आठवड्याचे सहा दिवस ती मोडू देऊ नका.

पहिले दोन आठवडे नववी-दहावीचीच उजळणी : अपूर्णांक, घातांकाचे नियम, करणी, अवयव, बैजिक अपूर्णांक. रोज तीस छोटी उदाहरणं. हे कंटाळवाणं वाटेल, पण सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. तिसऱ्या आठवड्यात वर्गसमीकरणं. ती सूत्राने सोडवायची आणि क्ष² − ५क्ष + ६ सारख्या राशीचा आलेख कागदावर काढून तो अक्षाला कुठे छेदतो तेही पाहायचं. चौथा आणि पाचवा आठवडा पूर्ण त्रिकोणमितीला. ०, ३०, ४५, ६०, ९० अंशांची सारणी न पाहता लिहिता आली पाहिजे. मग रेडियन, म्हणजे १८० अंश बरोबर पाय रेडियन, आणि ९० अंशांपुढच्या कोनांची चिन्हं. सहाव्या आठवड्यात चढ आणि रेषेचं समीकरण. सातव्यात संच आणि फलन यांची ओळख. आठवा आठवडा चाचणी आणि राहिलेलं पुरं करण्यासाठी.

पुस्तक विकत घेण्याची घाई करू नका. बालभारतीची अकरावीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. मोबाइलवर उतरवून घ्या. पण उदाहरणं वहीतच सोडवायची. व्हिडिओ पाहून "समजलं" असं वाटणं आणि कोऱ्या पानावर स्वतः सोडवता येणं यांत फार अंतर आहे. वीस मिनिटांचा व्हिडिओ पाहिला तर त्याच प्रकारची दहा उदाहरणं सोडवल्याशिवाय पुढचा लावायचा नाही, हा नियम घरात पाळा.

मराठी माध्यमाच्या मुलीसाठी इंग्रजी हा दुसरा डोंगर. विज्ञान शाखेचं गणिताचं पुस्तक इंग्रजीत, शिकवणं बहुधा मिश्र, आणि सीईटीत भौतिक-रसायनाचा पेपर मराठीतही घेता येत असला तरी गणिताचे प्रश्न इंग्रजीतच येतात. यासाठी वेगळी वही करा. रोज आठ शब्द, डाव्या बाजूला मराठी, उजवीकडे इंग्रजी : अवयव – फॅक्टर, छेद – डिनॉमिनेटर, सहगुणक – कोइफिशन्ट, चढ – स्लोप, श्रेढी – प्रोग्रेशन, फलन – फंक्शन, करणी – सर्ड. याशिवाय प्रश्नातली आज्ञा देणारी क्रियापदं पाठ हवीत : इव्हॅल्युएट, सिम्प्लिफाय, प्रूव्ह दॅट, शो दॅट, हेन्स फाइंड. 'हेन्स' आलं की आधीच्या भागाचं उत्तर वापरायचं असतं. हे ठाऊक नसल्यामुळे मुलं सगळं पहिल्यापासून करतात आणि वेळ घालवतात. आठ आठवड्यांत चारशेच्या आसपास शब्द होतात. अकरावीच्या पुस्तकाला तेवढे बहुतेक पुरतात.

अकरावी : इथे गाडी रुळावरून घसरते

दहावीचं दडपण संपलेलं, बोर्डाची परीक्षा दोन वर्षं लांब, अकरावीची परीक्षा कॉलेजच घेतं. ऑनलाइन प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की वर्गही उशिरा सुरू होतात. मग सगळे म्हणतात, "अकरावी म्हणजे आराम." गणितात हा आराम सगळ्यात महाग पडतो, कारण बारावीची प्रकरणं अकरावीच्या प्रकरणांवरच उभी असतात.

अकरावीच्या दुसऱ्या भागाचा क्रम पाहा : संमिश्र संख्या, क्रमिका व श्रेणी, क्रमयोजन-संयोजन, गणिती विगमन व द्विपद प्रमेय, संच व संबंध, फलने, सीमा, सांतत्य, विकलन. सगळ्यात महत्त्वाची चार प्रकरणं शेवटी आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत बारावीची प्रात्यक्षिकं आणि मग बोर्ड सुरू होतं, वर्गखोल्या आणि शिक्षक तिकडे अडकतात, आणि नेमकी हीच चार प्रकरणं घाईत उरकली जातात किंवा राहून जातात. बारावीचा दुसरा भाग मात्र विकलनाने सुरू होतो. त्यानंतर विकलनाचे उपयोग, संकलन, निश्चित संकलन, त्याचे उपयोग, विकल समीकरणं. फलन आणि सीमा कच्च्या राहिल्या तर या सहा प्रकरणांत मूल सूत्रं घोकत बसतं.

म्हणून कॉलेज कोणत्याही क्रमाने शिकवो, घरी क्रम असा ठेवा : पोळ्यापर्यंत त्रिकोणमितीची दोन्ही प्रकरणं, दिवाळीपर्यंत सरळ रेषा, वर्तुळ आणि निश्चयक, दिवाळीच्या सुट्टीत फलने, आणि संक्रांतीपर्यंत सीमा व विकलनाची पहिली ओळख. बाकीची प्रकरणं कॉलेजच्या वेगाने होतील. त्रिकोणमिती पहिली का? बारावीच्या संकलनात दुहेरी कोनाची आणि गुणाकाराचं बेरजेत रूपांतर करणारी सूत्रं पावलोपावली लागतात. ती अकरावीत हातात बसली नाहीत तर बारावीत प्रत्येक उदाहरणाला मागची पानं उलटावी लागतात.

सीईटीच्या हिशेबानेही पाहा. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, एकूण १००, वेळ ९० मिनिटं. भौतिक आणि रसायन मिळून १००. म्हणजे पीसीएम गटाच्या २०० पैकी निम्मे गुण एकट्या गणिताचे. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात, ८० टक्के बारावीवर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. एका प्रश्नाला १०८ सेकंद मिळतात. बोर्डाच्या बारावीच्या गणिताचा लेखी पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा असतो; त्यात दोन गुणांचे आठ बहुपर्यायी प्रश्न, एक गुणाचे चार, आणि पुढे दोन, तीन व चार गुणांचे प्रश्न पर्यायांसह. उरलेले २० गुण प्रात्यक्षिकाचे. दोन्हींची तयारी एकदम होते का? होते, पण क्रम पाळावा लागतो. आधी पायऱ्या लिहून पूर्ण उदाहरण, मग त्याच प्रकरणाचे बहुपर्यायी प्रश्न घड्याळ लावून. उलट केलं तर युक्त्या पाठ होतात आणि बोर्डात पायऱ्यांचे गुण जातात.

कॉलेज आणि क्लास

तुमच्या भावाचा सल्ला काळजीपोटी आहे, पण आम्हाला तो पटत नाही. अकोल्यासारख्या ठिकाणी मोठ्या क्लासमध्ये शिकवण्याचा वेग पाया पक्का असलेल्या मुलांना धरून असतो. वीसपैकी बारा-तेरा उदाहरणं जमणारी, मराठी माध्यमातून आलेली मुलगी तिथे पहिल्या दोन महिन्यांत मागे पडण्याची भीती मोठी. घरापासून दूर, मेसचं जेवण, आणि मागे पडल्याचं सांगायला जवळ कोणी नाही. खर्चाचा बोजा वेगळाच. कॉलेज नावापुरतं ठेवलं की प्रयोगशाळेचा सरावही जातो.

आधी तालुक्याच्या कॉलेजात जाऊन चार गोष्टी विचारा. गणिताला पूर्णवेळ शिक्षक आहे की तासिका तत्त्वावर, आणि तासिकेवर असेल तर मागच्या वर्षी ते कोणत्या महिन्यात रुजू झाले? अकरावीचा गणिताचा तास आठवड्यात किती वेळा खरंच होतो? (हे ऑफिसात विचारण्यापेक्षा तिथल्या बारावीच्या मुलींना विचारा.) मागच्या वर्षी दुसऱ्या भागातलं विकलन अकरावीत शिकवून झालं होतं का? आणि तास एसटीच्या वेळेत बसतात का? गणिताचा तास शेवटचा असेल आणि गाडी त्याआधीच निघत असेल तर वर्षभर तोच तास बुडेल. असं दिसलं तर पालकांनी मिळून वेळापत्रक बदलून मागावं. प्रवासाच्या खर्चाची काळजी करू नका, अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. अर्जात दहापर्यंत पसंती देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज पहिल्या फेरीत मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज टाका जिथे ती खरोखर रोज जाऊ शकेल.

शिकवणी लावायचीच तर गावात किंवा तालुक्यात आठ-दहा मुलांची छोटी बॅच घेणारे शिक्षक शोधा, जे वही तपासतात. वही न तपासणारा क्लास गणितात उपयोगाचा नाही.

दहावीच्या परीक्षेला थोडेच आठवडे उरलेत, तेव्हा भाग २ साठी एवढं करा : प्रश्नपत्रिकेत चौकटी भरायच्या कृतींना ४० पैकी ७ गुण असतात, मागच्या प्रश्नपत्रिकांतल्या कृती रोज दोन सोडवा. भौमितिक रचना आणि महत्त्वमापन सरावाने लवकर सुधारतात. त्रिकोणमितीतली उंची-अंतराची उदाहरणं आकृती काढूनच करायची. इथे केलेली मेहनत निकालालाही उपयोगी पडेल आणि अकरावीलाही.

मुलीने पीसीबी घेऊन बारावी केली आणि नंतर तिला गणिताची गरज वाटली, तर मंडळाकडे 'तुरळक विषय' घेऊन परीक्षेला बसण्याची सोय आहे. बारावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी राहिलेला विषय घेऊन नंतर अर्ज भरू शकतो. त्यात एक वर्ष जातं आणि शिकवायला वर्ग नसतो, पण दार कायमचं बंद होत नाही.

शेवटी पैशाचं. इंजिनीअरिंग, फार्मसी, कृषी असल्या व्यावसायिक पदवीसाठी २०२४-२५ पासून इतर मागासवर्ग, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. अट ही की प्रवेश केंद्रीभूत फेरीतून म्हणजे कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती लागू होत नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर हे कागद बारावीच्या वर्षात दिवाळीनंतर लगेच काढायला घ्या. जून-जुलैत तहसीलमध्ये सगळ्यांचीच गर्दी होते.